दयानंदचा हात

हाताचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याला जे शिकवलं ते तो शिकला. शिकवणारा मी. त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल कुणाला बोल लावायचाच असेल, तर तो मला लावावा. मी तो रोज लावून घेतोच.

इचलकरंजीत मागांच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये आमचं हस्त-पुनर्वसन केंद्र आहे. माग गेले, पण भिंतींना अजून खळीचा वास येतो. यंत्रांच्या गावात हात गमावलेल्यांची वानवा नसते. कुणाचा रोलरमध्ये जातो, कुणाचा उसाच्या चरकात. नवा हात बसवणं हे सर्जनचं आणि कंपनीचं काम. तो हात त्या माणसाचा करून देणं हे माझं. मी पाध्ये. लोक मला 'खेळवाले सर' म्हणतात आणि त्यात थोडी थट्टा असते, हे मला माहीत आहे.

खेळाचं असं आहे. मनगटापासून हात गेला तरी मेंदूला ते कुणी कळवत नाही. तो आपला हुकूम सोडतच राहतो. मूठ मीट, बोट उचल. हे हुकूम उरलेल्या हातातल्या नसांपर्यंत येतात आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच थांबतात. आम्ही त्या उरलेल्या हातावर एक बाही चढवतो. तिला आतून चौसष्ट टिकल्या असतात. त्या कातडीवरूनच नसांची चुळबुळ टिपतात आणि बाहीतला प्रोग्राम हळूहळू शिकतो, की कुठली चुळबुळ म्हणजे कुठली हालचाल. त्यासाठी त्याला हजारो उदाहरणं लागतात. पूर्वी आम्ही ती कवायतीनं मिळवायचो. मूठ मिटा, उघडा, मिटा, उघडा. विसाव्या वेळेला माणूस कंटाळतो आणि कंटाळलेल्या मेंदूचा हुकूम गढूळ येतो.

कॉलेजात असताना पुण्याच्या हॉस्टेलवर आम्ही चार टाळकी फासे आणि कागद घेऊन भूमिकांचे खेळ खेळायचो. एक जण सूत्रधार, बाकी कुणी योद्धा, कुणी चोर. बसल्या जागी दरदरून घाम फुटायचा. ते आठवून मी केंद्रात खेळ सुरू केला. दर गुरुवारी दुपारी चार वाजता टेबलाभोवती रुग्ण बसतात, प्रत्येकाच्या बाहीला वायर, मध्ये फासे. गोष्ट शनीकडे निघालेल्या एका जहाजाची. त्यातल्या खलाशांना हवे ते अवयव करून जोडून घेता येतात. डोळे मिटायचे, आपल्या पात्राचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि पात्राचा हात काय करतो ते सांगत सांगत मनातल्या मनात करायचं. जहाजाचं दार खरं नसलं, तरी ते ढकलताना मेंदू हुकूम खराच सोडतो. जीव गुंतलेला असला, की तो हुकूम लख्ख येतो. तीन महिन्यांचं शिक्षण पाच आठवड्यांत व्हायला लागलं.

"शनीकडं कशाला जायचं सर?" बाबासो चौगुले पहिल्याच दिवशी म्हणाले. "साडेसाती घरबसल्या मिळतीया की." त्यांचा डावा हात गुऱ्हाळात गेला होता. पात्र मात्र त्यांनी चार हातांच्या कप्तानाचं घेतलं. एक गेला तर तीन राहतात, असं त्यांचं म्हणणं.

वैजयंता मुरदंडे आमच्याकडे आल्या त्या श्रावणात. वय पंचेचाळीस. त्या वहिफणीचं काम करायच्या. म्हणजे बीमवर, मागाच्या रुळावर, गुंडाळलेल्या सुताच्या चार-चार हजार तारा एकेक करून वह्यांच्या, म्हणजे मागाच्या चौकटींच्या, डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवायच्या. एक तार चुकली, तर सगळं कापड बिघडतं. नवरा चार वर्षांपूर्वी मागावर उभा असतानाच हृदय बंद पडून गेला. त्यानंतर त्या सुताला खळ लावायच्या सायझिंगलाही जाऊ लागल्या आणि तिथल्या रोलरनं त्यांचा उजवा हात कोपराच्या वरून घेतला. आता त्यांना एवढंच हवं होतं, की परत वहिफणीवर बसता यावं.

पात्र ठरवताना घोडं अडलं.

"कुणीही व्हा," मी म्हणालो. "राणी व्हा, दरोडेखोर व्हा."

"मला न्हाई तसलं जमत. जे बगितलंच न्हाई ते कसं करू?"

"मग बघितलेलं कुणी घ्या. ज्याचे हात तुम्हाला पाठ आहेत असं."

हे वाक्य माझं. खेळाच्या नियमांत ते कुठेही नव्हतं.

त्यांनी समोरचा फासा डाव्या हातानं फिरवला. मग म्हणाल्या, "ईश्वरीच्या पप्पांचं चालंल?"

चालेल म्हणालो. नाव घ्या म्हणालो. तिथे त्या परत अडल्या. नवऱ्याचं नाव असं भाजी मागितल्यासारखं घ्यायची त्यांना सवय नव्हती. बाबासो खुर्चीत पुढे सरकले. "वैनी, उखाण्यात घ्या की. शनीवर कोण बगतंय?"

वैजयंताबाई लाजल्या, हसल्या आणि पदर सारखा करून त्यांनी घेतलं :

"चार हजार तारांत एकही नाही हुकली,
दयानंदरावांचं नाव घेताना मान माझी झुकली."

टाळ्या वाजवायला त्या खोलीत हात कमी होते, पण लोकांनी टेबलावर थापा मारून कसर भरून काढली. मलाही फार बरं वाटलं.

तेव्हापासून दर गुरुवारी दयानंद जहाजावर यायचा. तो जहाजाचा मिस्त्री. मी म्हणायचो, "हवेची नळी फाटली आहे. दयानंद काय करतो?" वैजयंताबाई डोळे मिटून सांगायच्या, "खाली बसतो. तोंडात सुपारी हाय. नळी अंगठ्यानं दाबून धरतो. दोरा ओला करतो, गाठ मारतो. अशी." आणि माझ्या स्क्रीनवर ती गाठ उमटायची, इतकी स्वच्छ, की मी मान डोलवायचो. दयानंद भाकरी एका हातानं मोडायचा. जहाजावरची एखादी पोर रडली, तर तिच्या डोक्यावर दोनदा थापटून वेणीचं टोक हलकेच ओढायचा. सगळ्यांना दयानंद आवडायचा. बाबासो तर म्हणायचे, असला मिस्त्री जिवंतपणी भेटला असता, तर माझं गुऱ्हाळ बंद पडलं नसतं.

बाबासोंचा कप्तान मात्र तिरसट. मिस्त्रीनं काही सुचवलं, की "न्हाई, असं न्हाई करायचं," म्हणून आडवा यायचा. मी विचारायचो, "कप्तान नाही म्हणतो. दयानंद काय करतो?"

"हसतो," वैजयंताबाई म्हणायच्या. "म्हनतो, बरं, तुमचं खरं."

आणि त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर एक रेघ उसळायची. अर्ध्या सेकंदाची. जराशी मागे, मग सपकन आडवी. त्या हसण्याशी किंवा कुठल्याही सांगितलेल्या हालचालीशी ती जुळत नव्हती. पण दर वेळी सारखी, केसाइतकाही फरक नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतका शुद्ध हुकूम पाहिला नव्हता.

आता इथे माझी अक्कल सांगतो. प्रोग्रामला एक पायाभूत हुकूम लागतो. जो सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात पक्का, तो निवडायचा आणि बाकीच्या हालचाली त्याच्यापासून किती दूर, किती जवळ, हे मोजत जायचं. गवई आधी षड्ज लावून घेतो, तसं. मी ही रेघ निवडली. खांद्याची काहीतरी तयारी असेल, असं स्वतःला सांगितलं. तिला नाव दिलं 'पाया'. कंपनीचे पाहुणे आले तेव्हा मी त्यांना ती कौतुकानं दाखवलीसुद्धा. कुठली हालचाल आहे, असं वैजयंताबाईंना मी एकदाही विचारलं नाही.

हात बसवला आणि तीन आठवड्यांत त्या वहिफणीवर परत बसल्या. या नव्या हातांना आम्ही अटकळ बांधायला शिकवतो. हुकूम पूर्ण व्हायची वाट बघितली, तर हात नेहमी मागे पडतो. म्हणून तो सुरुवातीची चुळबुळ ओळखून पुढची हालचाल आधीच सुरू करतो. तुम्हाला नको असेल, तर तेवढ्यात थांबवता येतं. तार ओवायला हे फार उपयोगाचं. वैजयंताबाईंचा हात तर पहिल्या महिन्यातच जुन्या हाताच्या वेगाला आला.

त्यांच्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते केंद्राच्या व्हरांड्यात. ईश्वरी, बावीस वर्षांची, गडहिंग्लजला बालवाडीत शिकवणारी. आईच्या चपलेचा पट्टा सुटला होता म्हणून ती खाली वाकली. वैजयंताबाई माझ्याशी बोलत होत्या, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. हात आपसूक खाली गेला, तिच्या डोक्यावर दोनदा थापटला आणि त्यानं वेणीचं टोक ओढलं.

ईश्वरी तशीच वाकलेली राहिली. मग खालीच बसली आणि भर व्हरांड्यात हुंदके देऊन रडली.

"पप्पा," ती म्हणाली. "आई, हे पप्पा करायचे. अगदी असंच."

वैजयंताबाई हाताकडे बघत होत्या. त्या आनंदानं गोंधळल्या आहेत असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मलाच गहिवरून आलं होतं. आपण मेलेल्या माणसाला थोडंसं परत आणलं, असं कुणाला वाटणार नाही?

पुढच्या महिन्यात रीतीप्रमाणे मी त्यांच्या घरी गेलो. ईश्वरी आलेली होती. पूर्वी ती दिवाळीला यायची, आता दर शनिवारी. आई खुर्चीत बसली होती, ही जमिनीवर, आणि आईचा उजवा हात हिनं मांडीवर घेतला होता. वर्गातल्या गमती ती त्या हाताला सांगत होती. आईच्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. मधेच "हो ना पप्पा?" म्हणायची. हात तिचं बोट धरायचा.

"अजून काय काय करतो माहितीय सर?" ती उत्साहानं म्हणाली. "बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज कमी करतो. आमटीला मीठ कमी पडलं, की ताट चार बोटं पुढं सरकवतो. आईला कळतही नाही."

मी हसलो. वैजयंताबाईही हसल्या. पण त्यांचा डावा हात पदराचं टोक पिळत होता. खुर्चीतही त्या अशा बसल्या होत्या, की उजवा हात शरीरापासून जमेल तेवढा लांब राहावा. घरात पाहुणा आलाय आणि तो कधी जाईल ते सांगत नाही, अशी काहीतरी कळा त्या घराला होती. मला ते जाणवलं. मी चहा पिऊन निघून आलो.

पंधरा दिवसांनी त्या केंद्रात आल्या तेव्हा उजवा गाल सुजलेला होता.

"दाराला लागलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, जपत जा. बर्फ लावा. झालं, एवढंच. संध्याकाळी सवयीनं हाताची नोंद उघडली. हात दिवसभर जे जे करतो, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हातानं 'पाया' केला होता. तुकडा नव्हे, तयारी नव्हे, पूर्ण हालचाल. जराशी मागे, मग सपकन आडवी, पंजा उघडा. आधीच्या महिन्यात तीनदा.

मी ती हालचाल माझ्या स्वतःच्या हातानं हवेत करून पाहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं, दार लावलं आणि नोंद समोर ठेवली.

त्यांनी ती पाहिलीच नाही. "दूध उतू गेलं," त्या म्हणाल्या. "मी दचकून मागं सरले. तवर ह्यो वर."

"दयानंदराव..."

"व्हय."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापास्नं. रोज न्हाई. उगं कशाला खोटं बोलू? मानूस वाईट न्हवता. पोरीला कधी बोट लावलं न्हाई. समद्या गल्लीत चांगला. निस्तं कुणी न्हाई म्हनलं, का मग..."

"पण खेळात तुम्ही म्हणायचात, तो हसतो."

"मग चारचौघांत काय सांगू? तुमी इचारत हुता, दयानंद काय करंल. तोंडानं मी चांगलंच सांगत हुते की सर. अंगाला कुठं खोटं सांगता येतंय?"

यातलं विज्ञान मला माहीत होतं आणि माहीत असून ते मला सुचलं नव्हतं. एखाद्याची हालचाल आपण निरखून पाहिली, की आपला मेंदू ती स्वतः केल्यासारखी मनात गिरवतो. लहान मूल असंच शिकतं. आणि ज्याला मार बसतो तो त्या हाताकडे जेवढ्या लक्षानं बघतो, तेवढ्या लक्षानं जगात कुणी कशाकडे बघत नसेल. वीस वर्षं त्यांनी तो हात पाहिला होता. आधी दचकणं, मग थप्पड, हा क्रम त्यांच्या नसांना पाठ होता. आता त्या दूध उतू गेलं म्हणून दचकल्या आणि हातानं अटकळ बांधली. मी शिकवल्याप्रमाणे.

"आपण तेवढं एक काढून टाकू," त्या आशेनं म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे बाकीचं."

ते शक्य नव्हतं. कारण त्यांना सांगताना माझी मान वर होईना. गाठ मारणं, भाकरी मोडणं, तार ओवणं, पोरीच्या डोक्यावर थापटणं, सगळं मी त्याच एका हुकुमावर रचलं होतं. तो काढला, तर हाताला मूठसुद्धा मिटता येणार नाही. पुसायचं तर सगळंच पुसायचं आणि मुळापासून शिकवायचं. मग तो निराळा हात होईल. दयानंदचं त्यात काही उरणार नाही.

"मग नगं," वैजयंताबाई म्हणाल्या.

"बाई, तो तुम्हाला मारतोय."

"म्हैन्यातनं तीनदा. मला सवय हाय." त्या हे अगदी साधेपणानं म्हणाल्या. "बाप गेल्यापास्नं पोर माज्याशी धड बोलत न्हवती. आता दर शनवारी येतीया. तिला तिचा बाप गावलाय सर. त्यो मी तिच्याकडनं कसा काढून घिऊ? आनि काय सांगू?"

मी नियम सांगितला. हातानं इजा केली, की तो पुसावाच लागतो. मला पर्याय नव्हता. शनिवारपर्यंत थांबा, त्या म्हणाल्या. ईश्वरीला समक्ष सांगते, हातात बिघाड झालाय म्हणून. मी थांबलो. ते तीन दिवस तो हात मी त्या घरात राहू दिला. निदान काढून ठेवा म्हणालो होतो. त्यांनी ठेवला नाही.

शनिवारी दोघी आल्या. बिघाड हा शब्द ऐकून ईश्वरी आधी माझ्यावरच उखडली.

"कसला बिघाड? आई तार ओवतेय, सगळं करतेय. तुम्ही मशीन बघता सर. आमचं काय जातंय, ते तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," मी म्हणालो.

 मग तिचा आवाज उतरला. "बरं. पुसायचंच असेल, तर आधी नक्कल काढून द्या. काढता येते ना? जुना हात असेल एखादा, त्यात घाला आणि स्टँडवर बसवून द्या. मी घरी नेते. गडहिंग्लजला माझ्या खोलीत ठेवते."

नक्कल काढता येत होती. मी हो-नाही काही बोलायच्या आत वैजयंताबाई उठून उभ्या राहिल्या.

"तुज्या घरात न्हाई," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्यो हात तुज्या घरात न्हाई जायचा. मी हाय तवर न्हाई."

"पण का, आई?"

"मारतो म्हनून!" त्या ओरडल्या. मग खाली बसल्या. "मला मारतो. तुजे पप्पा मारत हुते तसं."

 ईश्वरीचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"माझ्या पप्पांनी कुणावर हात उगारला नाही. बावीस वर्षांची आहे मी, आंधळी नव्हते." ती माझ्याकडे वळली. "हा हात कुणी शिकवला? हिनं. म्हणजे हे पप्पा हिच्या मनातले. खरे पप्पा मला माहीत आहेत. बाही मला बांधा. मी खेळते पप्पांचं काम. मग बघा काय येतं ते."

"नगं सर," वैजयंताबाई म्हणाल्या.

मी बाही आणली. आणायला नको होती. पण ती आईला खोटं ठरवून निघून जाणार, हे मला दिसत होतं आणि मला वाटलं, निदान मशीन तरी खरं बोलेल. काय बोलेल, याचा विचार मी तेव्हाही केला नाही. ईश्वरीच्या उजव्या हातावर मी बाही चढवली. नवी कातडी ओळखायला बाहीला दहा मिनिटं लागली. स्क्रीनवर आईच्याच हालचालींची यादी होती. ईश्वरीची चुळबुळ तिच्याशी जुळली, तर त्या हालचालीचं नाव उजळणार होतं.

"डोळे मिट," मी म्हणालो. "नाव घे."

"दयानंद मुरदंडे," ती ताठ मानेनं म्हणाली.

"जहाजावर एक मुलगी रडते आहे. दयानंद काय करतो?"

"जवळ जातो. डोक्यावर दोनदा थापटतो. वेणी ओढतो." तिच्या ओठांवर हसू आलं. स्क्रीनवर 'थापटणं' उजळलं. ते इतकं तंतोतंत जुळलं, की आम्हा तिघांनाही क्षणभर हायसं वाटलं. "बघ आई," ती डोळे न उघडता म्हणाली.

"नळी फाटली आहे."

"गाठ मारतात पप्पा." 'गाठ' उजळलं.

मी तिथेच थांबू शकत होतो. वैजयंताबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मिस्त्रीनं काही सुचवलं आहे. कप्तान म्हणतो, नाही. असं नाही करायचं. दयानंद काय करतो?"

"हसतात," ईश्वरी लगेच म्हणाली. "म्हणतात, बरं, तुमचं खरं."

स्क्रीनवर 'पाया' उजळला.

वैजयंताबाईंनी तो माझ्याआधी पाहिला. त्यांनी डावा हात लांब करून स्क्रीन भिंतीकडे वळवला. पण तेवढ्यात ईश्वरीनं डोळे उघडले होते.

"काय आलं?"

 तिनं उठून स्क्रीन परत वळवला, तो शब्द वाचला आणि मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. खोटं सांगायचं माझ्या मनात आलं होतं, हेही कबूल करतो.

"परत विचारा," ती म्हणाली.

परत विचारलं. परत 'हसतात' म्हणाली, या वेळी अडखळत. परत 'पाया'. तिसऱ्यांदा तर तिनं तोंडानं काही सांगितलंच नाही. मी "नाही" एवढं म्हटलं मात्र, 'पाया' उजळला.

ईश्वरी खुर्चीत मागे टेकली. 

"स्वयंपाकघराच्या दाराला फट होती," ती हळू म्हणाली. "पिवळा बल्ब. मला वाटायचं, मला स्वप्न पडतंय."

"तू झोपलेली असायचीस बाळ," वैजयंताबाई म्हणाल्या. "मी बगून यायची. झोपलेलीच असायचीस."

त्यांनी डाव्या हातानं खांद्याचा पट्टा सोडला, नवा हात ओढून काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "पुसा सर. आत्ता. हितंच." मग त्या मुलीजवळ गेल्या आणि तिला पोटाशी धरलं. ती त्यांना बिलगली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. पंजा उघडायची, मिटायची, परत उघडायची.

मी पुसायची आज्ञा दिली. पट्टी हळूहळू भरत होती. दहा टक्के, वीस टक्के. टेबलावरच्या हाताची बोटं एकदा आखडली आणि सैल पडली.

"सर," ईश्वरी म्हणाली. "माझ्या वर्गात सव्वीस मुलं आहेत. चार-पाच वर्षांची. दिवसभर 'नाही' म्हणतात मला."

"तू त्यांना कधी..."

"नाही. कधीच नाही." तिनं तो हात माझ्यापुढे धरला, डॉक्टरला धरतात तसा. "आईचा हात तुम्ही पुसताय. हा कसा पुसायचा?"